अरुंद रुळांचे गद्य : हौशी रेल्वेप्रवाशाच्या लेखनाविषयी

१

मराठी समीक्षेने प्रवासवर्णनाचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी केला आहे. एक, प्रवासवर्णन ही माहिती की ललित कृती, हा जुना वाद. आणि दोन, प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वाचा त्या लेखनात होणारा आविष्कार. दोन्ही विचारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, प्रवास हा कुठेतरी पोहोचण्यासाठी असतो आणि वर्णनाचा खरा विषय ते पोहोचण्याचे ठिकाण असते. गंगाधर गाडगीळांच्या 'गोपुरांच्या प्रदेशात'चे नावच घ्यावे. 'कुठे' या प्रश्नाचे उत्तर त्या शीर्षकातच आहे. 'अपूर्वाई', 'पूर्वरंग' या पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांत विनोदाची वाट वेगळी असली, तरी गाडी, बोट, विमान ही साधनेच राहतात. वाहन हा लेखनाचा विषय होत नाही.

याच्या नेमक्या उलट टोकाला उभे असलेले एक लेखन गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत इंग्रजीत विपुल झाले. आपल्याकडे त्याची वाङ्मयीन दखल क्वचितच घेतली गेली. ते म्हणजे रेल्वेच्या हौशी अभ्यासकाचे प्रवासलेखन. त्यातही जुन्या, अरुंद रुळांच्या मार्गांवरून केलेल्या प्रवासांचे लेखन ही त्याची एक ठळक उपशाखा आहे. हा प्रवासी पोहोचण्यासाठी निघत नाही. तो मार्गासाठीच निघतो, आणि शेवटच्या स्थानकावर उतरून बहुधा त्याच गाडीने परततो. बिल एटकिन यांचे 'ट्रॅव्हल्स बाय अ लेसर लाइन' हे १९९३ चे पुस्तक या वर्गातले ठळक उदाहरण होय. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे भारतीय नागरिक झालेल्या या लेखकाने मीटर मापाच्या रुळांना 'लेसर' हे विशेषण लावले. १ एप्रिल १९९२ रोजी भारतीय रेल्वेने सर्व मार्ग एकाच रुंदीचे करण्याचा 'युनिगेज' कार्यक्रम हाती घेतला. म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा त्याचा विषय मोडीत निघण्याच्या यादीत गेलेला होता.

प्रस्तुत लेखात अशा लेखनाचा रूपबंध कोणता, त्याची दृष्टी काय टिपते आणि तिच्यातून काय निसटते, या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. हा विचार भंडारा जिल्ह्यातील सानगडी या गावातून केला जात आहे, हेही आरंभीच नोंदवणे इष्ट. या गावाच्या पूर्वेकडून गोंदिया–नागभीड–चांदा हा मार्ग जातो आणि तो १९९० च्या दशकापर्यंत अरुंद रुळांचा होता. समीक्षकाचे स्थान कोणते, हा प्रश्न येथे केवळ सौजन्याचा नाही. तो विवेचनाचाच भाग आहे, हे पुढे स्पष्ट व्हावे.

२

प्रथम मापाची गोष्ट स्पष्ट करू, कारण या लेखनाची सारी चिन्हव्यवस्था मापावर उभी आहे. भारतातील रुंद मार्गाची रुळांमधील रुंदी साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. मीटर मार्गाची १००० मिलिमीटर. अरुंद मार्गाची अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, किंवा दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. गोंदिया–नैनपूर–जबलपूर, नागपूर–नागभीड, मूर्तिजापूर–यवतमाळ आणि अचलपूर, पुलगाव–आर्वी, पाचोरा–जामनेर, बार्शी लाइट हे सारे अडीच फुटी; नेरळ–माथेरान दोन फुटी. दक्षिणेत बंगळूर–चिक्कबळ्ळापूर–कोलार, तसेच तमिळ प्रदेशातील तिरुपत्तूर–कृष्णगिरी आणि मोरप्पूर–धर्मपुरी–होसूर हेही अडीच फुटी मार्ग. यांपैकी शेवटचे दोन विसाव्या शतकाच्या आरंभी दुष्काळनिवारणाच्या विचारातून टाकले गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उखडले गेले. निलगिरीची गाडी सर्वसामान्य वाचक याच वर्गात धरतो, पण तिचे रूळ मीटर मापाचे आहेत. हौशी अभ्यासक ही चूक कधीच करणार नाही. त्याच्या जातिवंतपणाची ती पहिली खूण.

या लेखनाचा पहिला विशेष त्यामुळे नेमकेपणा हा होय. इंजिनाचा वर्ग, त्याचा कारखाना आणि बांधणीचे साल, चढाचे प्रमाण, वेळापत्रकातील पाच मिनिटांचा फरक यांची नोंद तो ज्या आस्थेने करतो, तीत कवीच्या नामस्मरणाचा सूर ऐकू येतो. ही यादी कथानकाला पुढे नेत नाही. ती त्याला थांबवते. रूढ प्रवासवर्णनात तपशील अनुभवाच्या सेवेत असतो. येथे अनुभव तपशिलाच्या सेवेत असतो. या अर्थाने हे लेखन ललित गद्यापेक्षा वनस्पतिशास्त्रज्ञाच्या रोजनिशीला अधिक जवळचे आहे.

दुसरा विशेष काळाचा आहे. या लेखनातील निवेदक नेहमी शेवटच्या क्षणी आलेला असतो. गाडी अजून चालू आहे, पण लवकरच बंद होणार आहे. इंजिन वाफेचे आहे, पण डिझेल येऊ घातले आहे. ब्रिटनमध्ये वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा १९६८ साली संपली. भारतात ती इंजिने १९९० च्या दशकापर्यंत रोजची गाडी ओढत होती. आपल्या देशातून गेलेली वस्तू दुसरीकडे अजून जिवंत आहे, या जाणिवेतून अनेक परदेशी हौशी भारतात आले. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील 'शकुंतला' मँचेस्टरला बांधलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत धावत होती. तेव्हा त्यांचा प्रवास भूगोलाइतकाच काळातलाही होता. विदर्भातल्या कापसाच्या शेतांमधून ते स्वतःच्या बालपणाकडे जात होते.

तिसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. वोल्फगांग शिव्हेलबुश यांनी १९७७ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध केलेल्या रेल्वेप्रवासाविषयीच्या ग्रंथात असे दाखवले, की आगगाडीने पाहण्याची रीतच बदलली. पायी चालणारा किंवा घोडागाडीतून जाणारा प्रवासी आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश हे एकाच अवकाशात असत. आगगाडीच्या वेगाने जवळचे दृश्य पुसले गेले आणि दूरचे दृश्य एखाद्या सरकत्या चित्रपटासारखे उरले. हे मान्य केले, तर अरुंद रुळांवरील लेखकाचे वैशिष्ट्य लगेच ध्यानात येते. त्याच्या मंद गाडीच्या खिडकीतून जवळचे दृश्य परत मिळते. रुळांलगतचे गवत, फाटकापाशी थांबलेली बंडी, स्थानकावरच्या माणसाचा चेहरा पुन्हा दिसू लागतात. म्हणजे आगगाडीने जे हिरावून घेतले, तेच तो आगगाडीच्याच साहाय्याने परत मिळवू पाहतो. या लेखनाच्या आकर्षणाचे मूळ या विसंगतीत आहे, असे मला वाटते. यंत्रावर प्रेम करण्याची ही रीत यंत्रयुगाच्या पलीकडे जाण्याची एक धडपड आहे.

३

परंतु या मंदपणाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

सुझन स्ट्युअर्ट यांनी १९८४ च्या 'ऑन लाँगिंग' या ग्रंथात लघुरूपाची मीमांसा केली आहे. लहान केलेली वस्तू मालकीची वाटते, निरुपद्रवी वाटते, आणि तिच्याभोवतीचा इतिहास गळून पडतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा इत्यर्थ सांगता येईल. बाहुलीघरात कुणी राबत नसते. अरुंद रुळांच्या गाडीला सरसकट लावला जाणारा 'खेळण्यातली गाडी' हा शब्दप्रयोग या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. माथेरानच्या गाडीला तो काही अंशी शोभतो. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या भांडवलातून १९०७ मध्ये सुरू झालेला तो मार्ग मुळातच थंड हवेच्या ठिकाणी विश्रांतीला जाणाऱ्यांसाठी होता. पण हाच शब्द गोंदिया–नागभीड किंवा मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गाला लावला, की एक मोठे वाङ्मयीन आणि सामाजिक स्खलन घडते. ज्या गाडीतून धानाची पोती, तेंदूपानांचे पुडे, आजारी माणसे आणि बाजाराला जाणाऱ्या बाया जात होत्या, ती गाडी खेळणे ठरते.

हे मार्ग कोणत्या काळात आले, हे पाहिले म्हणजे या स्खलनाचे स्वरूप अधिक उघड होते. मध्य प्रांतात १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. त्यानंतरच्या दशकात सातपुड्यातील आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील अरुंद मार्ग एकामागून एक सुरू झाले. वऱ्हाडातील मार्ग किलिक निक्सन या कंपनीशी संबंधित सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने टाकले, ते कापूस मुंबईकडे आणि तेथून पुढे न्यावा म्हणून. रुळांची रुंदी कमी ठेवण्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती. कमी खर्चात मार्ग टाकता यावा, तीव्र वळणे घेता यावीत, हा साधा हिशेब होता. ज्या प्रदेशातून फार काही मिळण्याजोगे नाही असे ठरले, त्याला कमी मापाचा रूळ मिळाला. 'अरुंद' हे विशेषण अशा रीतीने राज्यकर्त्यांनी त्या प्रदेशाच्या किमतीविषयी दिलेला निवाडा होते.

गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये रेल्वेवर घेतलेला आक्षेप येथे आठवावा. रेल्वेमुळे धान्य महाग बाजाराकडे ओढले जाते आणि दुष्काळ वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते पूर्णांशाने स्वीकारण्याचे कारण नाही. दुष्काळात बाहेरून धान्य आणणारीही रेल्वेच होती. मात्र एवढे खरे, की रेल्वेच्या प्रत्येक वर्णनात धान्य कोणत्या दिशेने जात होते हा प्रश्न दडलेला असतो. हौशी लेखक मालगाडीतल्या डब्यांची संख्या मोजतो. डब्यात काय होते आणि ते कोणासाठी, हे बहुधा विचारत नाही.

मापबदलाचे ठिकाण हे त्याचे उत्तम उदाहरण होय. गोंदियाला किंवा मूर्तिजापूरला अरुंद रूळ रुंद रुळाला भेटत, पण डबे एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नसत. तेव्हा प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाई. तांत्रिक लेखनात याला 'मापभंगाची अडचण' म्हणतात आणि खर्चाच्या सदरात टाकतात. प्रवासी लेखनात ते 'गजबजलेले रम्य जंक्शन' होते. दोन्ही संहितांत हमाल नाही. मापाविषयी इतके बारकाईने लिहिणाऱ्या वाङ्मयात मापभंगाचा भार वाहणारी पाठ नसावी, ही केवळ विस्मृती नाही. ती या रूपबंधाची मर्यादा आहे.

४

दोन स्मृतिपरंपरा एकाच मार्गाला कशा वेगवेगळ्या रीतीने वाचतात, हे बार्शी लाइटच्या उदाहरणावरून पाहता येते.

बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा, बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी, १८९७ साली सुरू झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने त्याची आखणी केली. प्रत्येक आसावरचा भार सारखा आणि कमी ठेवला, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने येथे सिद्ध केले. पुढे हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. १९५४ मध्ये सरकारने तो विकत घेतला. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या मार्गाच्या आखणीत बार्शीचा अनुभव वापरला. तो मार्ग १९०४ मध्ये सुरू झाला आणि १९३४ मध्ये बंदही पडला.

इंग्रजी हौशी वाङ्मयात बार्शी येते ती बव्हंशी या नात्याने. तीस वर्षांत बंद पडलेल्या एका इंग्रजी दरीतल्या मार्गाची ती पूर्वज. शतकभर चाललेली, दोनशे मैलांवर पसरलेली बार्शी लाइट अशा रीतीने दुसऱ्याच्या चरित्राची प्रस्तावना होऊन बसते. मराठी लोकस्मृतीत मात्र कॅलथ्रॉपचे नाव नाही. तेथे आहे ती वारीची गाडी. आषाढी-कार्तिकीला माणसांनी लगडलेले डबे आणि पंढरपूरच्या अलीकडे सुरू होणारा नामाचा गजर तेथे आहे. तिच्या मंदपणावर मराठी माणसाने भरपूर विनोद केले. 'बार्शी लाइट' हा शब्दच दिरंगाईचा वाचक झाला. परंतु या विनोदात गाडी खेळणे होत नाही. ती नात्यातल्या एखाद्या संथ माणसासारखी असते. तिची चेष्टा करण्याचा अधिकार तिच्यात उभ्याने प्रवास केलेल्यालाच असतो.

या दोन परंपरांपैकी एक खरी आणि दुसरी खोटी असे मला म्हणावयाचे नाही. कॅलथ्रॉपचे काम थोर होते आणि ते मराठी वाचकाला ठाऊक नसावे, ही आपली उणीव आहे. मुद्दा वेगळा आहे. पहिली परंपरा लिहिली गेली, छापली गेली, तिच्या सूची झाल्या. दुसरी बोलण्यात राहिली. वाङ्मयाच्या इतिहासात जे लिहिले जाते तेच घडले असे ठरते, आणि म्हणून लिहिणाऱ्याचे स्थान निर्णायक होते.

५

आता सानगडीकडे वळतो. आमचे गाव साकोली तालुक्यातले. किल्ल्याचे अवशेष, तलाव आणि धानाच्या बांध्या ही त्याची ओळख. रूळ गावातून गेला नाही. गाडी गाठायची तर सौंदडला किंवा अर्जुनीला जावे लागे. आधी बंडीने, पुढे एस.टी.ने. गावात या मार्गाला कुणी 'नॅरोगेज' म्हटल्याचे मला आठवत नाही. ती 'छोटी लाइन' होती आणि गाव तिला लाडाने असे म्हणत नसे. गोंदियाला 'मोठी लाइन' होती, म्हणून ही छोटी. या नावात तुलना होती आणि तुलनेत एक मागणीही होती.

हौशी प्रवाशाच्या लेखनाचा गाभा प्रवास हा असतो. आमच्या आठवणींचा गाभा प्रतीक्षा हा आहे. मिखाइल बाख्तिनने कादंबरीतील काळ आणि अवकाश यांच्या एकजीव बांधणीविषयी जे सांगितले, त्या परिभाषेत बोलायचे तर हौशी लेखनाचे काल-अवकाशरूप धावता डबा आहे, तर स्थानिक अनुभवाचे रात्रीचे स्थानक आहे. सौंदडच्या फलाटावर धानाच्या पोत्याला टेकून काढलेल्या रात्री मला आठवतात. ब्रह्मपुरीला शिकायला जाणारी आम्ही मुले, वडशाला दवाखान्यात निघालेले एखादे कुटुंब, मंडईहून परतणारे दंडारवाले असे सगळे एकाच कंदिलाभोवती बसलेले असायचे. या प्रतीक्षेतही सौंदर्य होते, हे मी नाकारत नाही. पण ते निवडलेले नव्हते. मंदपणाचा आस्वाद घेण्यासाठी मंदपणातून केव्हाही बाहेर पडण्याची मुभा असावी लागते. परतीचे तिकीट खिशात असलेल्याला उशीर रम्य वाटतो. आजारी मूल मांडीवर असलेल्याला तो केवळ उशीरच असतो.

१९९० च्या दशकात मार्ग रुंद झाला. त्या वेळी आमच्या घरातल्या वृद्ध आत्याबाईंनी एवढेच म्हटल्याचे आठवते : "आता बसाले जागा तं भेटंल!" विलापगीत कुणी रचले नाही. परिसरातील दंडारी-नाटकांतून छोट्या लाइनीचा शोक झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वडसा हे याच मार्गावरचे स्थानक झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटकमंडळ्यांचे केंद्र आहे. रुंद रुळांनी त्यांच्या वाटा तोडल्या असे तेथे कुणी म्हणत नाही.

रेनाटो रोसाल्डो यांनी १९८९ मध्ये 'साम्राज्यवादी स्मरणरंजन' अशी संकल्पना मांडली. जे आपणच बदलले वा नष्ट केले, त्याच्याविषयीच हळहळणे, असा तिचा आशय. परदेशी हौशी लेखकाला ती सरळ लावणे अन्यायाचे होईल. त्याने रूळ टाकले नाहीत, उखडलेही नाहीत. परंतु तिचा एक सौम्य प्रकार येथे संभवतो. ज्या बदलाची किंमत आपल्याला द्यावी लागत नाही, त्या बदलाविरुद्ध हळहळणे. आणि हा प्रकार आता केवळ परदेशी उरलेला नाही. २०१५ मध्ये नैनपूर–जबलपूर आणि २०१९ मध्ये नागपूर–नागभीड हे अरुंद मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाले, तेव्हा शेवटच्या गाडीने जाण्यासाठी शहरांतून आलेले आपलेच हौशी लोक होते. गाडीच्या आत नेहमीचे प्रवासी होते. दोघांनी एकमेकांची छायाचित्रे काढली असतील; दोघांच्या मनातले छायाचित्र मात्र एक नव्हते.

६

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. स्थानिकांना शोक झाला नाही, हे खरे. पण मग त्यांनी लिहिले काय? छोट्या लाइनीवर कोणती इंजिने धावली, कोणत्या स्थानकाला पाण्याची टाकी होती, कोणत्या वळणावर गाडी हळू होई, हे आज कोणाला सांगता येईल? ह्यू ह्यूज यांनी भारतातील अरुंद मार्गांवरील इंजिनांची सूची केली नसती, तर ती माहिती विखुरलेल्या दप्तरांत पडून राहिली असती. नागपूरच्या मोतीबागेत २००२ मध्ये अरुंद रुळांचे संग्रहालय उभे राहिले, त्यामागेही जतनाची हीच प्रेरणा आहे. ज्याला प्रतीक्षेचा त्रास झाला त्याने त्या त्रासाची नोंद ठेवली नाही. ज्याला त्रास झाला नाही त्याने निदान गाडीची नोंद ठेवली. तर मग कोणाचा उपकार मानावा?

या आक्षेपाला बगल देता येत नाही. माझे उत्तर असे, की हौशी लेखनाचा नेमकेपणा आपण घ्यावा आणि त्याची सीमा ओलांडावी. ब्रिटनमध्ये एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकाराने १९५१ पासून वेल्समधील टॅलिलिन हा छोटा मार्ग स्वयंसेवकांनी चालवला. त्यावरचे रोल्ट यांचे १९५३ चे 'रेल्वे अ‍ॅडव्हेंचर' हे पुस्तक या वाङ्मयातले मानाचे. ते टिकून राहते, याचे एक कारण असे की, त्यात लेखक खिडकीत बसलेला नाही. तो मार्ग दुरुस्त करतो, गाडी चालवतो, चुकतो. वस्तूवरचे प्रेम जेव्हा श्रमात उतरते, तेव्हा वस्तूभोवतीची माणसेही दिसू लागतात. म्हणजे दोष नेमकेपणाचा नाही. दोष नेमकेपणा कुठे थांबवला याचा आहे. इंजिनाचा क्रमांक नोंदवणाऱ्याने हमालीचा दरही नोंदवला, तर त्याचे लेखन वेगळेच होईल.

मराठीत अशा गद्याची परंपरा नाही, असेही नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावल्यावर पुढल्याच वर्षी कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे 'लोखंडी सडकांचे चमत्कार' प्रसिद्ध झाले. १८६३ च्या गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये शहराच्या नव्या यंत्रजीवनाकडे पाहणारी कुतूहलाची, मोजमाप करणारी दृष्टी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या या गद्याला तपशिलाची लाज वाटत नव्हती. ललित गद्य हे आत्मपर, भावपर असावे अशी अपेक्षा पुढे रूढ झाली, आणि हे वळण आपल्या हातून सुटले. आगगाडी मग मामाच्या गावाला नेणारी झाली. बालगीतात हे लोभसच आहे. पण प्रौढ गद्यातही ती आजोळाच्या पलीकडे फारशी गेली नाही.

आमच्याच परिसरातले एक उदाहरण अधिक बोलके आहे. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या जंगलात वनाधिकारी म्हणून काढलेल्या वर्षांतून जे गद्य लिहिले, त्यात पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावे स्थानिक माणसांच्या तोंडची आहेत. त्यांच्या तपशिलाला शास्त्राचा नेमकेपणा आहे. पण ते ज्ञान कोणाकडून मिळाले हे लेखक लपवत नाही. माधवराव पाटील डोंगरवारांसारखी जाणती माणसे त्या गद्यात ज्ञानाचे उगम म्हणून येतात. कुणाच्या प्रवासात रंग भरण्यासाठी ती आणलेली नसतात. नवेगावबांधपासून छोटी लाइन फार दूर नव्हती. जी दृष्टी पाखराला मिळाली, ती रुळाला मिळाली नाही, एवढेच.

देशीयतेच्या चर्चेतही हा प्रश्न विचारला जायला हवा होता. देशी म्हणजे यंत्रापूर्वीचे, अशी एक समजूत त्या चर्चेच्या कडेकडेने वावरत राहिली. पण झाडीपट्टीत शंभर वर्षे जे टेसन, गारड, इंजन, छोटी लाइन हे शब्द बोलले गेले, ते देशी नाहीत तर काय आहेत? रूळ परके होते, त्यांच्यावर साठलेले जीवन परके नव्हते. झाडीबोलीच्या कोशकार्यात आणि लोकवाङ्मयाच्या संकलनात पिकांचे, सणांचे, नात्यांचे शब्द आस्थेने गोळा होतात. फलाटावरचे शब्दही त्याच आस्थेने गोळा व्हायला हवेत. ते जाणणारी शेवटची पिढी, म्हणजे छोट्या लाइनीचे निवृत्त फाटकवाले, गँगमन, हमाल, अजून आहे.

म्हणून या वाङ्मयप्रकाराकडे आपण कसे पाहावे, याविषयीचे माझे मत असे आहे. अरुंद रुळांवरील हौशी प्रवाशाचे लेखन उथळ म्हणून झटकून टाकण्याजोगे नाही. पाहण्याच्या हरवलेल्या रीतीचा तो एक प्रामाणिक शोध आहे आणि त्याच्या याद्यांनी पुष्कळ काही वाचवले आहे. पण मंदपणा हे त्याचे सौंदर्यमूल्य सार्वत्रिक नाही. ते एका विशिष्ट स्थानावरून दिसणारे मूल्य आहे, आणि ते स्थान लेखनात उघड केले गेले आहे की नाही, ही या लेखनाची कसोटी मानावी. ही कसोटी प्रस्तुत लेखकालाही लागू आहे. सौंदडच्या फलाटावरची ती रात्र लिहिताना माझ्याही शब्दांत कंदील अधिक उजळ झाला आहे, हे मला कळते. त्या रात्री आत्याबाईंना ताप होता आणि गाडी पहाटे आली, हे वाक्य मी आधी वगळले होते. ते येथे लिहून लेख संपवतो.

सानगडी, जि. भंडारा